खळ्याच्या बागेचा दरोगा

नोकरीतल्या आठवणी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी हसलो. माळ्याच्या कसल्या आठवणी? रोप जगलं तर साहेबाचं नाव झालं आणि मेलं तर माळ्याचं. एवढ्यातच उभी हयात गेली. पण परवा कामानं पाथरीला गेलो होतो. बागेच्या फाटकापाशी मोटारीतून उतरलेले एक गृहस्थ बायकोला सांगत होते, की या गावाला दृष्टीच नाही, नाहीतर इतक्या छान बागेला ‘खळ्याची बाग’ असलं नाव कोण ठेवील! त्यांना तिथंच बाकावर बसवून सगळं ऐकवावं असं फार मनात आलं. बाई घाईत दिसल्या म्हणून सोडलं. तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून इथं लिहितो. माझं शिक्षण उर्दूतलं, मराठी लिहायला मी फार उशिरा शिकलो. काही चुकलंमाकलं तर चालवून घ्या.

मी नोकरीला लागलो ते निजामाच्या राज्यात. हुद्दा बागेचा दरोगा. ऐकायला मोठा भारदस्त. परगावचा माणूस दरोगा म्हटल्यावर मला पोलिसातला समजून सरळ उभा राहायचा. प्रत्यक्षात माझ्या हुकमतीखाली एक विहीर, एक मोट, ती हाकणारा एक गडी आणि चार कुदळी-फावडी. बाग अजून व्हायचीच होती. मी बिनबागेचा दरोगा होतो.

बाग करायचं डोक्यात घेतलं होतं आमच्या तहसीलदार साहेबांनी. हैदराबादचे गृहस्थ, उंच, सडपातळ, बोलणं मऊ. आता अशा गोष्टीत साहेब म्हटला की तो बावळट किंवा जुलमी असला पाहिजे अशी लोकांची समजूत असते. हे तसे नव्हते. गुलाबाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे मी आजही कबूल करतो. गुलाबाला डोळा कसा भरायचा, म्हणजे चांगल्या जातीचा डोळा रानगुलाबाच्या काडीत कसा बसवायचा, ते मला त्यांनीच शिकवलं. स्वतःची शेरवानी मातीत लोळवून शिकवलं. कलमं हैदराबादेहून आगगाडीनं मानवत रोडला यायची आणि तिथून बैलगाडीनं पाथरीला. गाडी येईपर्यंत साहेब कचेरीच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. गावातल्या बायकापोरांना संध्याकाळी बसायला हिरवी जागा असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा चांगलीच होती. घोळ जागेचा होता.

गावाच्या कडेला, आमच्या आळीला लागून, सरकारी जमिनीचा मोठा तुकडा होता. त्याच्या कडांना मी गुलाब, मोगरा, जास्वंद लावली. वाटा आखल्या. पण मधोमध एक प्रशस्त गोल होता, सिमेंटासारखा गुळगुळीत आणि टणक. साहेबांच्या मनात तिथं हिरवळ करायची होती आणि तिच्या मध्यभागी कारंजं. तो गोल म्हणजे आळीचं खळं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ज्वारीची कणसं खुडून आणली की ती मळावी लागतात. कणसं जमिनीवर पसरायची, मधल्या खांबाला, म्हणजे तिवड्याला, बैल एका ओळीत जुंपायचे आणि त्यांना कणसांवरून गोल गोल फिरवायचं. दाणे मोकळे होतात. मग वारा बघून उंच तिवईवर उभं राहून ते उफणायचे. भुसकट उडून जातं आणि खाली दाण्याची रास पडते. हे सगळं ज्या जमिनीवर होतं ते खळं. ती जमीन अशी लागते, की दाणा तिच्यात रुतू नये आणि माती दाण्यात येऊ नये. म्हणून खळं करायचं म्हणजे आधी गवत मुळासकट खुरपायचं, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, बैलांनी तुडवून घ्यायचं, चोपण्यानं बडवायचं आणि वरून शेणानं सारवायचं. दरवर्षी. आमच्या आळीचं खळं असं किती पिढ्या बडवलं गेलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा धंदा याच्या नेमका उलटा. बाग करायची म्हणजे पहिल्यांदा जमीन मऊ करायची. बाकीचं सगळं मागाहून. मूळ खाली जायला वाट हवी, पाणी मुरायला जागा हवी.

तरीही हुकूम तो हुकूम. मार्गशीर्षात मी मजूर लावून खळं उकरायला घेतलं. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मजूर माझ्याकडं बघून हसायचे आणि मी त्यांच्यावर ओरडायचो. शेवटी एकदाचं सगळं उकरून झालं, ढेकळं फुटली, आणि मी येळवसेला म्हणून पालमला माझ्या गावी गेलो. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या मुलखात माणूस घरात जेवत नाही, रानात उभ्या ज्वारीत बसून जेवतो. मीही पोटभर आंबील प्यालो आणि भज्जी हाणली. परत आल्यावर शेणखत कालवायचं आणि गवताच्या मुळ्या लावायच्या, असा माझा बेत होता.

परत येऊन बघतो तर काय, खळं जसंच्या तसं! नव्हे, आधीपेक्षा चांगलं. पाणी मारलेलं, तुडवलेलं, चोपलेलं, सारवलेलं. मधोमध नवा कोरा तिवडा. त्याला हळदकुंकू. आणि भोवती आळीतली माणसं उभी, लग्नघरच्या माणसांसारखी खुशीत.

शिवलिंगअप्पा पुढं झाले. अप्पा म्हणजे आळीतले वडीलधारे शेतकरी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत.

“या दरोगा! बगा कसं बसलंय. लय बरं केलं तुमी. म्होरल्या साली आमीच उकरणार हुतो, वरचा थर फुटाय लागला हुता. सरकारनं उकरून दिलं, मंग बाकीचं आमी उरकून घेतलं. तुमाला कामून तरास?”

खळं जुनं झालं की ते एकदा खोल उकरून नव्यानं बसवावं लागतं. लोकांना वाटलं, सरकारला आपली दया आली. बागेची गोष्ट त्यांच्या कानावर होती, पण बाग म्हणजे कडेकडेनं झाडं, असंच सगळे धरून चालले होते. खळ्यावर कुणी गवत लावील हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ज्या गवताला ते जन्मभर खुरपत आले ते सरकार पगार देऊन लावणार, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं?

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. कपाळाला हात लावून मी तिवड्यापाशी बसलो आणि खरं काय ते सांगून टाकलं.

 मग बायकांच्या घोळक्यातून सरूबाई पुढं आली. तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला होता. दोन लहान पोरी आणि नदीच्या कडेला एवढंसं रान, हा तिचा सगळा संसार.

“मंग मपली ज्वारी कुठं मळायची, दादा?” तिनं विचारलं.

“रानात कर खळं,” मी म्हटलं.

“तुमी माळी हाव ना? काळ्या रानात खळं व्हतंय का? हात जातंय भेगंत. निम्मी ज्वारी भुईच्या पोटात जाईल.”

ती बरोबर बोलत होती. काळी जमीन उन्हाळा लागला की फाटते. ज्यांची मुरमाची जमीन होती, अप्पांसारखी, त्यांनी विहिरीपाशी स्वतःची खळी केली होती. पण आळीतल्या बऱ्याच जणांची रानं काळी. त्यांना हे एकच खळं.

“अप्पांच्या खळ्यावर मळ,” मी म्हटलं.

“मळली हुती एक साल. अप्पा न्हाई म्हनत न्हाईत. पर त्यांचं समदं उरकल्यावर मपली पाळी. तवर अवकाळी आला. कणसं भिजली, काळी पडली, मोड आले. ते साल लेकरांनी कसं काढलं ते मला इचारा.” मग ती आवाज न चढवता म्हणाली, “म्या हितंच मळणार. गवत लावा न्हाई तर सोनं लावा.”

मला राग आला. तिचा नव्हे, सगळ्याचाच. मी नोकर माणूस. एका बाजूला मला डोळा भरायला शिकवणारा साहेब आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, आणि दोघांच्याही बोलण्यात खोट काढायला जागा नाही.

अप्पांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी तोड काढली होती.

“दरोगा, सोपं हाय. साहेबाला सांगा, हितं गवत उगवतच न्हाई. पिढ्यान्‌पिढ्या चोपलेली भुई. साहेब तुमचं ऐकतेत. झालं काम.”

तोड खरंच सोपी होती. साहेबांनी विश्वास ठेवला असता. मी त्यावर विचार करकरून डोकं शिणवलं. पण एक तर माळ्यानं आपल्या तोंडानं ‘इथं उगवत नाही’ म्हणायचं, हे माझ्या जिभेवर येईना. कसल्याही जमिनीत मी उगवून दाखवीन, ही घमेंड माझ्यात तेव्हाही होती आणि अजूनही आहे. आणि दुसरं असं, की खोटं किती दिवस टिकणार? उद्या माझ्या जागी दुसरा दरोगा येईल, दोन हात खोल खणून नदीचा गाळ भरील आणि हिरवळ करून दाखवील. मग माझं खोटंही गेलं आणि खळंही गेलं. सरूबाईची ज्वारी खोट्यावर राहायला नको होती.

कचेरीचे महिने वेगळे होते, आजूर, दै, बहमन असे. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांचा बहमन होता आणि आमचा पौष. गुलाबांची विचारपूस करत करत ते खळ्यापाशी आले. सारवलेली जमीन बघून थबकले.

“दरोगा, घास किधर है? यहाँ उगती नहीं क्या?”

अप्पा कुंपणाजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडं मान हलवून खूण केली. तो प्रश्न म्हणजे ताटात वाढलेलं उत्तर होतं.

“उगेगी साहेब,” मी म्हणालो. “गाळ भरा तो अच्छी उगेगी. लेकिन मैं नहीं उगाऊँगा.”

साहेबांना वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं, भेगांचं, अवकाळीचं, सरूबाईचं. म्हटलं, हा गोल तेवढा सोडा, बाकीची बाग अशी करतो की परभणीचे लोक बघायला येतील.

साहेब खाली वाकले. एका कलमाचं वाळकं पान त्यांनी खुडलं. “बाग में बैल नक्को,” ते म्हणाले. “फिर बाग किस बात की? तुम नहीं करते तो हमें दूसरा दरोगा देखना पड़ेगा.”

मी फाटकाची किल्ली आणि गुलाबाची कात्री काढून त्यांच्या हातात दिली. कात्री देताना फार जिवावर आलं. ती त्यांनीच मला दिलेली होती. घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्यापासून मंडईत भाजी घेऊन बसा. तिथं तरी कुणाला नाही म्हणू नका.”

नवा दरोगा परभणीहून यायचा होता. त्याचं आज येतो, उद्या येतो चाललं होतं. ज्वारी मात्र कुणासाठी थांबत नाही. फाल्गुन लागला, खुडणी झाली, आणि एका सकाळी सरूबाईनं कणसांची पहिली पाटी आणून खळ्यावर ओतली. कुंपणाची तार वर उचलून ती आणि तिच्या दोघी पोरी वाकून आत गेल्या होत्या. तिला बघून बाकीची काळ्या रानाची माणसं आली. आणि सगळ्यांत शेवटी, कुंपणाची तार सोडून वाट करत, आपले तगडे बैल घेऊन अप्पा आले, ज्यांना स्वतःचं खळं होतं.

“तुम्ही कशाला आलात, अप्पा?” मी विचारलं. मीही त्या माणसांबरोबर आत आलो होतो.

“तुमच्यावर चिडून हुतो,” ते म्हणाले. “फुकट मिळायलेली सुटका घालवली तुमी. पर आता घालवलीच हाय तर बैल कामून रिकामे ठिवायचे?”

मला तर काही कामच नव्हतं. मी चाबूक हातात घेतला आणि तिवड्याभोवती बैल हाकू लागलो. माझे गुलाब बाजूला माना वर करून होते, मोगऱ्यावर भुसकट बसत होतं, आणि मी बागेचा माजी दरोगा बागेतच बैल फिरवत होतो. कुणी हटकायला आलं असतं तर मी हललो नसतो. त्या दिवसांत माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

सरूबाईचं सगळ्यांत थोडं, म्हणून तिचं आधी उरकायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दुपारी वारा सुटला, उफणणी झाली, रास पडली. राशीभोवती राखेची रेघ ओढली, वर नारळ ठेवला. दिवस कलायला लागला तेव्हा अप्पा माप घेऊन बसले. पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ म्हटल्यानंतर माप संपेपर्यंत खळ्यावर कुणी शब्द काढायचा नाही. रास बोलण्यानं विटते, तिची बरकत जाते, असं सगळे मानतात. लहान पोरंसुद्धा गप्प बसतात.

अप्पा “लाभ” म्हणाले आणि त्याच वेळी फाटकातून साहेब आले. बरोबर कचेरीचा पट्टेवाला.

“ये क्या हो रहा है?” साहेबांचा मऊ आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

 अप्पांनी दुसरं माप भरलं. सरूबाईनं पोत्याचं तोंड धरलं होतं. ते तिनं सोडलं नाही.

“किसके हुकूम से?”

तिसरं माप पडलं. साहेब माझ्याकडं वळले. “दरोगा! तुम बोलो!”

 चाकरीत असताना साहेबाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी हात जोडले आणि मग एक हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. साहेबांचा चेहरा लाल झाला. पट्टेवाला गावातलाच होता. तो घाईघाईनं त्यांना राखेच्या रेघेपासून लांब घेऊन गेला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मी साहेबांकडंच बघत होतो. ते पट्टेवाल्याला झिडकारतील, पोतं ओतायला लावतील, काहीही होऊ शकत होतं. त्यांना कोण अडवणार होतं?

ते उभे राहिले. हात पाठीमागं घेऊन, एक शब्द न बोलता, माप संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

शेवटचं पोतं शिवल्यावर सरूबाईनं सूपभर ज्वारी घेतली आणि सरळ साहेबांसमोर जाऊन धरली. साहेबांना कळेना. “ये मुझे किस बात का?”

“रास उठताना जो खळ्यावर हजर, त्याचा त्यात वाटा असतोय साहेब,” अप्पा म्हणाले. “मग तो कुनीबी असू दे. रिकाम्या हातानं कुनी जात न्हाई.”

साहेबांनी एकदा त्या पोत्यांकडं बघितलं. थोडीच होती ती. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि पुढं केला. सरूबाईनं ज्वारी ओतली. त्यांनी रुमालाच्या चारी टोकांना गाठ मारली, ते गाठोडं पट्टेवाल्याच्या हातात न देता स्वतःच धरलं, आणि निघून गेले. काय होणार ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी मला बोलावणं आलं. कचेरीत टेबलावर ते गाठोडं तसंच होतं. साहेब म्हणाले, “दरोगा, तुम्हारे खळे को फारसी में ख़िरमन बोलते हैं. शायरी में उम्र भर पढ़ा. उस पर खड़ा पहली बार कल हुआ.” आणि किल्ली आणि कात्री त्यांनी माझ्यापुढं सरकवली. कारंजं कोपऱ्यात न्यायचं, गोल तसाच ठेवायचा, मळणीच्या दिवसांत बैलांना फाटक उघडं. आणि त्या गोलावर गवताची काडी उगवणार नाही ही जबाबदारी दरोग्याची. सबंध संस्थानात गवत न उगवू देण्याचा पगार घेणारा माळी बहुधा मी एकटाच असेन. कारंजं काही शेवटपर्यंत झालं नाही.

फाटकावर साहेबांनी उर्दूत पाटी लावली, ‘बाग़-ए-ख़िरमन’. लोकांना ते म्हणता येईना, त्यांनी खळ्याची बाग करून टाकलं. अर्थ तोच राहिला. पोलीस ॲक्शनच्या आधीच साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी मला एका लाल गुलाबाचं कलम दिलं. नंतर राज्य बदललं, पाटी मराठीत झाली. मळणीयंत्रं आली तशी खळ्यावरची बैलांची ओळ थांबली. आता त्या गोलावर फरशी आहे आणि पोरं चेंडू खेळतात. फरशी बसवली त्या दिवशी मी तिकडं गेलो नाही. बागेचं नाव बदलावं म्हणून मध्ये एकदा अर्ज झाला होता. मी काठी टेकत सगळ्यांच्या दारी गेलो, भांडलो, आणि तो हाणून पाडला. जिवात जीव आहे तोवर बदलू देणार नाही.

ते मोटारवाले गृहस्थ विचारतील, एवढं त्या नावात काय ठेवलंय? मी आयुष्यात पुष्कळ फुलं फुलवली. ती साहेब लोकांच्या टेबलावर गेली, देवाला गेली, तिरडीवर गेली. त्याबद्दल मला कुणी काही दिलं असेल, नसेल, आठवत नाही.

त्या सकाळी किल्ली घेऊन मी बागेत आलो तेव्हा सरूबाई खळं झाडत होती. मला बघून तिनं खराटा ठेवला, पदराखालून फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत नव्या ज्वारीची भाकरी होती, अजून गरम.

“खा, दादा,” ती म्हणाली. “तुमच्या बागंतली हाय.”